तान्ह्या बाळाचे पाप

स्नानसंस्काराच्या तयारीसाठी आईवडील व धर्ममातापिता यांचा वर्ग घेताना एक प्रश्न हमखास पुढे येतो. ज्या बाळाला अजून मान धरता येत नाही, त्याचे कोणते पाप आपण धुणार आहोत? विचारणारा बहुधा तरुण पिता असतो. त्याच्या स्वरात थोडी थट्टा असते, पण थट्टेखाली रागही असतो. आपल्या लेकराला कोणी पापी म्हटलेले कोणत्या बापाला रुचेल? हा राग धर्मविरोधी नव्हे. बापाच्या अपराधाचे फळ मुलाने भोगावे असे सांगणारी इस्राएलातील जुनी म्हण यहेज्केल संदेष्ट्याने खोडून काढली, ती अशाच तळमळीतून.

गिरगावला तर धर्मांचे वाद नवे नाहीत. १८५७ साली तेथील समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वादविवाद रंगले. त्यांचा वृत्तान्त पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. त्याआधी, १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी शास्त्री-पंडितांशी अशाच चर्चा केल्या होत्या. विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन पंथाचे. त्या कॅल्विनपंथी परंपरेत आदामाचा अपराधच त्याच्या वंशजांच्या नावे मांडला जातो आणि पतनाने मनुष्यस्वभाव सर्वांगी भ्रष्ट झाला असे मानले जाते. ‘ख्रिस्ती लोक माणसाला जन्मतः पापी समजतात’ हा जो समज मराठी मनात रुजला आहे, तो मला पुष्कळसा या छापाचा वाटतो. दुर्दैव इतकेच की आपल्यातील अनेक जण तो कॅथलिक शिकवण म्हणून बाळगतात. पुढे १८६७ मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. त्याचे मंदिर गिरगावात आहे. रानडे-भांडारकरांच्या उपासनेत पापाची जाणीव आणि पश्चात्ताप यांना मोठा मान होता, आदामाच्या पतनाला मात्र तेथे जागा नव्हती.

शेजारी धर्मांकडे पाहिले तर काय दिसते? प्रत्येक मूल निर्मळ प्रकृतीने जन्मते, आदामाने पश्चात्ताप केला, ईश्वराने त्याला क्षमा केली आणि कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहत नाही, असे मुसलमान बांधव मानतात. यहुदी धर्माची मुख्य परंपराही अपराधाचा वारसा मानीत नाही. दादरच्या पारशी कॉलनीत विचाराल तर सद्विचार, सद्वचन आणि सत्कृत्य यांची निवड ज्याची त्यानेच करायची असते. हिंदू विचारात वारसा आहे. पण तो आईबापांकडून नव्हे, स्वतःच्याच पूर्वजन्मांकडून येतो. तरी गंमत अशी की पूजेनंतर प्रदक्षिणा घालताना म्हटल्या जाणाऱ्या एका प्रचलित संस्कृत श्लोकात भक्त आपली उत्पत्तीच पापातून झाल्याचे कबूल करतो. जन्माशी पाप जोडण्याची खोड केवळ आपलीच नव्हे.

कर्माच्या या हिशेबाला एक क्रूर बाजू आहे. ज्यांची चैत्यभूमी दादरच्या समुद्रकाठी उभी आहे त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नेमकी ओळखली. त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, गतजन्मीच्या कर्माने आजची स्थिती ठरते ही कल्पना त्यांनी नाकारली. अस्पृश्य म्हणून वागविलेल्या माणसाला ‘हे तुझेच फळ’ असे सांगितले की छळणारा मोकळा होतो.

आदिपापाचा सिद्धान्तही निष्काळजीपणे सांगितला तर हेच काम करतो. परळच्या इस्पितळांबाहेर आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईला ‘कुणाचे पाप भोवले?’ असे विचारणारे नातेवाईक सर्व धर्मांत आहेत, आपल्यातही आहेत. योहानकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी येशूला असाच प्रश्न केला. पाप त्याचे की त्याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही उत्तरे नाकारली.

मग ख्रिस्तसभा नेमके काय शिकवते? संत ऑगस्टीनने रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील बारावे वचन लॅटिनमधून वाचले. ग्रीक मुळात मरणाचे कारण म्हणून सर्वांच्या पापाकडे बोट दाखविणारे शब्द आहेत. लॅटिनमध्ये ते आदामामध्येच सर्वांनी पाप केल्यासारखे वाचता येतात. पौर्वात्य ख्रिस्तसभांनी हा अर्थ घेतला नाही. आदामाकडून मरण आणि दुबळेपणा येतो, अपराध येत नाही, असे त्या म्हणतात. पण ऑगस्टीनची नजर भाषेपेक्षा तीक्ष्ण होती. दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे मत्सराने पाहणारे तान्हे मूल त्याने आपल्या आत्मनिवेदनात टिपले आहे. दोन लेकरांच्या आईला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही.

१७ जून १५४६ रोजी त्रेंतच्या परिषदेने ठरविले की आदिपाप अनुकरणाने नव्हे, तर वंशपरंपरेने येते. स्नानसंस्काराने ते खरोखर नाहीसे होते. आणि मागे उरणारी ओढ हे स्वतः पाप नव्हे. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने आणखी स्पष्ट केले, की येथे ‘पाप’ हा शब्द साधर्म्याने वापरला आहे. ते कृत्य नसून अवस्था आहे, आणि आदामाच्या कोणाही वंशजाच्या ठायी तो वैयक्तिक अपराध ठरत नाही. मनुष्यस्वभाव घायाळ आहे, पुरता नासलेला नाही.

लालबाग-परळच्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. त्यानंतर चाळीत जन्मलेल्या मुलाने ना संप पुकारला, ना गिरणी बंद केली. तरी वडिलांचे कर्ज, विकलेले दागिने आणि अर्धवट सुटलेली शाळा त्याच्या वाट्याला आली. अपराध शून्य, वारसा पुरेपूर. १९९२-९३ च्या दंगलींनंतर जन्मलेल्या मुलांनाही कोणत्या गल्लीत जायचे नाही हे कळले. तो धडा त्यांना कोणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. अर्थात ही उपमा शेवटी लंगडी पडते. कर्ज फिटू शकते, भीती विसरता येते. त्रेंतने सांगितलेली जखम याहून खोल आहे, कारण ती शिकविण्याआधीच आपल्यात असते. ‘मूल स्वच्छ पाटी घेऊन येते’ हे ऐकायला गोड, पण त्या पाटीवर मत्सर कोणी लिहिला, याचे उत्तर मला त्यात मिळत नाही.

आता राहतो तो सर्वांत दुखरा प्रश्न. स्नानसंस्कारापूर्वी गेलेल्या बाळाचे काय? अशा बाळांना सौम्य का होईना पण शिक्षा आहे, असे ऑगस्टीन म्हणाला. मध्ययुगीन पंडितांनी कणव येऊन त्यांच्यासाठी लिम्बोची कल्पना केली; तेथे यातना नाहीत, पण ईश्वरदर्शनही नाही. लिम्बो हा श्रद्धासिद्धान्त कधीच नव्हता, तरी कित्येक आजींनी त्याच्या धास्तीने रात्री जागविल्या. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचा निबंध पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला. अशी बाळे तारली जातात अशी आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे त्यात सांगितले आहे. त्यात खात्रीची भाषा नाही, आशेची आहे. आणि ते प्रामाणिक आहे.

ज्या घरात असे दुःख घडले असेल त्यांनी एवढे जाणून घ्यावे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११८३ व्या कलमानुसार, आईवडिलांना ज्याचा स्नानसंस्कार करावयाचा होता अशा बाळाचा ख्रिस्ती विधीने अंत्यसंस्कार करण्यास बिशप परवानगी देऊ शकतात. संध्याकाळच्या अंधारात, प्रार्थनेवाचून ते बाळ पुरून येण्याची गरज नाही. धर्मगुरूंना निरोप पाठवावा. परवानगी मागण्याचे काम ते करतील.