परक्या मैदानावर काय पाहावे

दर फेब्रुवारीत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहराचा बास्केटबॉल संघ घराबाहेर पडतो, कारण घरात जनावरे येतात. स्पर्स हा संघ एरवी ज्या अरीनात खेळतो तिथली लाकडी फरशी उचलली जाते, ट्रकच्या ट्रक माती आत ओतली जाते आणि पुढचे काही आठवडे तिथे घोडे, बैल आणि त्यांच्यावर मांड ठोकून बसणाऱ्या स्वारांचे राज्य असते. शहराचा स्टॉक शो आणि रोडिओ १९५० पासूनचा. स्पर्स शहरात आले ते १९७३ मध्ये, आणि या अरीनात राहायला गेले २००२ मध्ये. मान आधीच्याचा, त्यामुळे जागा संघाने सोडायची हे ठरून गेले. २००३ पासून जवळजवळ दर मोसमात स्पर्सना ओळीने सात-आठ, कधी नऊ सामने दुसऱ्यांच्या गावी जाऊन खेळावे लागले. तिथले लोक याला ‘रोडिओ रोड ट्रिप’ म्हणतात.

पहिल्याच वर्षी, २००३ मध्ये, संघाने त्या दौऱ्यातल्या नऊपैकी आठ लढती जिंकल्या. त्या मोसमात एका टप्प्यावर त्यांच्या खात्यात १९ विजय आणि १३ पराभव होते. तिथून पुढच्या ५० सामन्यांत ते फक्त नऊ वेळा हरले, ६० विजयांवर मोसम संपवला आणि जूनमध्ये अजिंक्यपद पटकावले. टिम डंकन ऐन भरात होता, डेव्हिड रॉबिन्सनचे हे शेवटचे वर्ष होते, टोनी पार्कर विशीचा होता आणि अर्जेंटिनाचा मनू जिनोबिली अमेरिकेतला पहिलाच मोसम खेळत होता. तेव्हापासून संघ फेब्रुवारीत घडतो अशी श्रद्धा त्या शहरात रुजली.

मला ही श्रद्धा अर्धीच खरी वाटते. २०१९ मध्ये त्याच प्रशिक्षकाच्या, ग्रेग पोपोविच यांच्या, हाताखाली स्पर्स याच दौऱ्यातल्या आठपैकी एकच सामना जिंकले. दौऱ्याने संघ घडत असता तर तो त्याही वर्षी घडायला हवा होता. शिवाय तोच संघ ४८ विजय मिळवून प्लेऑफला पोहोचला, म्हणजे एक-सात हा आकडाही त्याच्याबद्दल सगळे खरे सांगत नव्हता. माझे म्हणणे असे की संघाकडे आधीपासून जे असते, ते घरी झाकून राहू शकते; लांबच्या दौऱ्यात झाकून राहत नाही. म्हणून असा दौरा सुरू झाला की चाहत्याने जय-पराजयाच्या रकान्यावरून नजर काढून संघाच्या सवयींवर लावावी.

घराबाहेर जिंकणे किती अवघड असते याचा अंदाज थोर संघांच्या पराभवांवरून येतो. २०१५-१६ च्या मोसमात गोल्डन स्टेट वॉरियर्सने ८२ पैकी ७३ सामने जिंकून विक्रम केला. हरले फक्त नऊ, आणि त्यांतले सात बाहेर. त्याआधीचा ७२ विजयांचा विक्रम मायकेल जॉर्डनच्या शिकागो बुल्सचा, १९९५-९६ चा. त्यांच्या दहा पराभवांपैकी आठ बाहेरचे. बास्केटची उंची सगळीकडे दहा फूटच, मैदानाची लांबी-रुंदीही तीच. तरीही इतका फरक पडतो.

का पडतो? साधे उत्तर असते की प्रेक्षक पाहुण्यांना बिचकवतात. बास्केटमागे बसलेले लोक फुगवलेल्या काठ्या हलवतात, आरडाओरडा करतात, फ्री थ्रो घेणाऱ्याचे लक्ष उडवतात. टोबियास मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थहाइम यांनी २०११ च्या ‘स्कोअरकास्टिंग’ या पुस्तकात हे उत्तर तपासले. फ्री थ्रो ही खेळातली एकमेव अशी कृती की जिथे खेळाडू एकटा असतो, समोर अडवणारा कोणी नसतो, पंचांचा हात नसतो आणि गर्दीचा सगळा मारा त्याच्यावरच असतो. तिथे घरचा संघ आणि पाहुणा संघ यांची टक्केवारी दोन दशकांच्या आकड्यांत दशांशापर्यंत सारखी निघाली. म्हणजे गर्दी खेळाडूला फारसे बिचकवत नाही. त्यांचा निष्कर्ष असा की गर्दीचा परिणाम पंचांवर होतो, तोही नकळत. सरळसोट निर्णयांत नाही, तर जिथे पंचाला स्वतःचे मत लावावे लागते अशा, धक्का नेमका कोणी कोणाला दिला छापाच्या निर्णयांत पारडे यजमानांकडे झुकते. त्याच्या जोडीला वेळापत्रक असते: ओळीने दोन रात्री सामने खेळण्याची पाळी पाहुण्यांवर जास्त येते.

हे समजले की पाहण्याची तऱ्हा बदलते. पंच यजमानांना थोडे झुकते माप देणार हे धरूनच चालायचे. त्याबद्दल आपला संघ काय करतो ते पाहायचे. शिट्टी वाजल्यावर हात पसरून पंचांकडे धावणारे किती, आणि तेवढ्या वेळात आपल्या बास्केटकडे परतणारे किती? खेळाडू तक्रार करत असतो ते चार सेकंद प्रतिस्पर्ध्याला फुकट मिळतात. चांगला संघ बाहेरगावी कमी बोलतो.

सामना लावण्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे तारीख. दौऱ्यातला हा कितवा सामना, काल रात्री खेळले होते का, विमान किती वाजता उतरले, घड्याळ किती तास मागेपुढे झाले. डेन्व्हरच्या मैदानावर तर यजमानांनी ‘५२८०’ हा आकडाच रंगवून ठेवला आहे. शहराची समुद्रसपाटीपासूनची ही फुटांतली उंची, म्हणजे जवळजवळ कळसूबाईचा माथा. तिथे पाहुण्यांना दम लवकर लागतो आणि यजमान मुद्दाम वेग वाढवतात. डेन्व्हरला सलग दुसऱ्या रात्री सहा गुणांनी हरणे आणि विश्रांती घेऊन दुबळ्या संघाला सहा गुणांनी हरवणे यांत मला पहिला निकाल अधिक आशादायक वाटतो.

थकवा ओळखायचा कसा? चेहऱ्यावर तो उशिरा दिसतो. आधी दिसतो तो चेंडूत. पायांतली ताकद गेली की उडी अर्ध्या इंचाने कमी पडते आणि लांबचा शॉट रिंगच्या पुढच्या कडेला आपटतो. डावीकडे-उजवीकडे चुकणे हे नेमाचे चुकणे आहे, पण सारखे आखूड पडणे पायांचे. याच्या पाठोपाठ परतीची धाव मंदावते. आपला शॉट हुकल्यावर पाचांपैकी किती जण मान खाली घालून उलटे धावतात हे मोजा. तिसऱ्या क्वार्टरची पहिली पाच मिनिटे मी यासाठी सगळ्यात महत्त्वाची मानतो. मध्यंतरात शरीर थंड पडलेले असते, यजमान नव्या जोमाने येतात, प्रेक्षक परत बसत असतात. बाहेरगावचे कितीतरी सामने तिथे हातचे जातात आणि आपण शेवटच्या मिनिटातल्या हुकलेल्या शॉटला दोष देतो.

वॉरियर्सचा २०१५-१६ च्या मोसमातला पहिला पराभव आठवा. सलग २४ विजय झाले होते. १२ डिसेंबर २०१५ ला ते मिलवॉकीत उतरले, सात सामन्यांच्या आणि दोन आठवड्यांच्या दौऱ्यातल्या शेवटच्या लढतीसाठी. आदल्याच रात्री बॉस्टनमध्ये सामना दोनदा जादा वेळेत गेला होता आणि तो त्यांनी कसाबसा जिंकला होता. मिलवॉकीचे लोक ‘२४-१’ छापलेले टी-शर्ट घालून आले होते. मिलवॉकीच्या बक्स संघाचा यानिस अँटेटोकूम्पो तेव्हा २१ वर्षांचा, अजून जगप्रसिद्ध नव्हता. बक्सनी १०८-९५ असा सामना घेतला. दुसऱ्या दिवशी वॉरियर्सची जादू ओसरल्याची चर्चा करणारे होतेच. ज्याने आदली रात्र पाहिली होती त्याला मिलवॉकीतल्या आखूड पडणाऱ्या शॉट्समध्ये बॉस्टनची जादा दहा मिनिटे दिसली असतील. त्या एका पराभवावरून संघाची परीक्षा करणारे पुढच्या चार महिन्यांत तोंडावर पडले.

मोठा खेळाडू घरी आणि बाहेर साधारण सारखाच खेळतो. डगमगतात ते सातव्या-आठव्या क्रमांकाचे, बेंचवरून दहा-पंधरा मिनिटांसाठी येणारे. घरी त्यांच्या पहिल्या बास्केटला दाद मिळते, बाहेर पहिल्या चुकीला आरोळी उठते. म्हणून दौऱ्यात दुसऱ्या क्वार्टरची सुरुवात, जेव्हा मुख्य खेळाडू बसलेले असतात, डोळ्यांत तेल घालून पाहावी. नवखा मुलगा एक शॉट हुकल्यावर दुसरा घेतो का, की चेंडू हातात आला रे आला की तो दुसऱ्याच्या गळ्यात घालतो? आणि त्याहून महत्त्वाचे, पहिली चूक झाल्यावर सहकारी त्याला पुन्हा पास देतात का? संघातला विश्वास किती आहे हे याच पासवरून कळते, मुलाखतींवरून कळत नाही.

विश्रांतीचा प्रश्न वेगळा आणि अधिक कटू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये स्पर्स सहा सामन्यांच्या दौऱ्यावर होते आणि पहिले पाच जिंकले होते. सहावा मायामीत, गतविजेत्या हीटशी, पाच रात्रींतला चौथा सामना. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन यांना त्या दिवशी विमानाने थेट घरी पाठवले. उरलेल्यांनी झुंज दिली आणि १०५-१०० असे हरले. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी स्पर्सना अडीच लाख डॉलर दंड ठोठावला. मायामीत तिकीट काढून बसलेल्या, वर्षातून एकदाच डंकनला पाहू शकणाऱ्या माणसाची निराशा खरी होती आणि तिची किंमत कमी लेखू नये. पण दोष वेळापत्रकाचा होता, प्रशिक्षकाचा नव्हता असेच माझे मत आहे. पुढे लीगनेच ते एका परीने मान्य केले: २०१७-१८ पासून मोसम थोडा आधी सुरू करून पाच रात्रींत चार सामने ही पद्धत बंद केली. चाहत्याने अशा वेळी ‘आपला तारा का खेळत नाही’ याच्या पुढे जाऊन, त्याच्या जागी आलेल्यांनी आखलेला खेळ सोडला की तोच खेळ खेळले, हे पाहायला हवे. मायामीत ते तोच खेळ खेळले.

पोपोविच यांच्या दौऱ्यांची खरी गोष्ट मात्र मैदानाबाहेरची आहे. बाहेरगावी संघाने एकत्र जेवायचे हा त्यांचा शिरस्ता होता. १८ जून २०१३ ला मायामीतच अंतिम मालिकेचा सहावा सामना होता. २८ सेकंद उरलेले, स्पर्स पाच गुणांनी पुढे, अजिंक्यपद हातात आलेले. फरक कमी होत गेला, शेवटी हीटच्या रे अॅलनने कोपऱ्यातून तीन गुणांचा शॉट मारून सामना जादा वेळेत नेला आणि स्पर्स १०३-१०० असे हरले. त्या रात्रीसाठी समुद्रकाठचे एक इटालियन रेस्टॉरंट आधीच सांगून ठेवले होते. कोणालाही जेवायची इच्छा नव्हती. पोपोविच यांनी सगळ्यांना तिथेच यायला सांगितले, स्वतः आधी पोहोचले, टेबले मांडून घेतली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाशी बोलले. दोन दिवसांनी ते सातवा सामनाही हरले. संघ फुटला नाही.

वर्षभराने तेच दोन संघ अंतिम मालिकेत पुन्हा समोरासमोर आले. २०१४ चा तिसरा सामना, मैदान तेच मायामीचे. पहिल्या अर्ध्यात स्पर्सचे ३३ पैकी २५ शॉट बास्केटमध्ये गेले, ७५.८ टक्के, अंतिम मालिकेतला विक्रम. पण ते शॉट कसे आले ते पाहा. चेंडू एका हातात थांबतच नव्हता. मोकळा असलेला खेळाडू आपल्याहून अधिक मोकळ्या सहकाऱ्याला पास देत होता. २२ वर्षांच्या कवाय लेनर्डने त्या रात्री २९ गुण केले. स्पर्सने मायामीतले दोन्ही सामने मोठ्या फरकाने जिंकले आणि मालिका ४-१ अशी घेतली. आदल्या वर्षीच्या त्या जेवणाने हे घडले असा दावा मी करणार नाही. पण जी माणसे हरलेल्या रात्री एका टेबलाशी बसू शकली, तीच परक्या मैदानावर आपला शॉट दुसऱ्याला देऊ शकली, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

पोपोविच २०२५ मध्ये १४२२ विजयांचा विक्रम मागे ठेवून प्रशिक्षकपदावरून बाजूला झाले. आता मिच जॉन्सन प्रशिक्षक आहेत आणि संघ व्हिक्टर वेम्बन्यामा या फ्रेंच खेळाडूभोवती उभा आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथल्या मतदारांनी शहराच्या मध्यभागी नवे अरीना उभारण्याच्या बाजूने कौल दिला. ते उभे राहिले की रोडिओसाठी घर सोडण्याची ही सक्ती बहुधा संपेल. तोवरच्या फेब्रुवाऱ्या मोजक्याच उरल्या आहेत.

टेक्सासमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना हिवाळ्यात आपल्याकडे सकाळी सातला दिसतो. बहुतेकांना कामावर जायचे असते, म्हणून तीन मिनिटांचे तुकडे पाहून भागवले जाते. त्या तुकड्यांत डंक दिसतात, परतीची धाव दिसत नाही. बेंचवरच्या मुलाला मिळालेला दुसरा पास तर कधीच दिसत नाही. माझी विनंती एवढीच आहे. तुमचा संघ कोणताही असो, तो लांबच्या दौऱ्यावर निघाला की त्यातला एक तरी सामना, शक्यतो सलग दुसऱ्या रात्रीचा, पहिल्या उडीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहा, आणि चेंडू ज्याच्या हातात नाही अशा एका खेळाडूवर एक पूर्ण क्वार्टर नजर ठेवा. संघाबद्दलचे मत त्यानंतर बनवा.