फायद्याच्या हिशेबापलीकडे

लढ्याचे फळ सगळ्यांनाच मिळणार असेल, तर शहाणा माणूस घरी बसेल आणि धोका इतरांना पत्करू देईल, असा तर्क अर्थशास्त्रज्ञ मॅन्सर ओल्सन यांनी १९६५ साली मांडला. तो मान्य केला तर कर्तव्यबुद्धी हा केवळ बोलण्यापुरता शब्द उरतो. भौतिकशास्त्र शिकून राज्यशास्त्राकडे वळलेल्या एलिझाबेथ जीन वुड यांनी हा तर्क एल साल्वाडोरच्या यादवी युद्धाशी ताडून पाहिला. १९८० ते १९९२ या काळात त्या छोट्या देशात सुमारे ७५,००० माणसे मेली. उसुलुतान प्रांतातल्या शेतमजुरांशी वुड वर्षानुवर्षे बोलत राहिल्या. युद्धापूर्वी जमीन कोणाची होती आणि नंतर कोणाकडे आली, याचे नकाशे त्यांनी या शेतमजुरांकडूनच काढवून घेतले. त्यातून एक गोष्ट उघड झाली. बंडखोरांना मदत न करणाऱ्यांनाही मोकळी पडलेली जमीन कसता येत होती. तरीही काहींनी जीव धोक्यात घालून बंडखोरांना धान्य पुरवले, बातम्या पोचवल्या. देवाला न्याय हवा आहे ही बायबल वाचताना पाद्र्यांकडून ऐकलेली शिकवण, आप्तांच्या हत्येचा संताप आणि आपल्या हातांनी इतिहास घडवल्याचा अभिमान, ही त्यांची कारणे होती. याला निष्काम कर्म म्हणता येणार नाही, कारण जमीन त्यांना हवीच होती. पण ती मिळणे आपल्या एकट्याच्या सहभागावर अवलंबून नाही, हे ठाऊक असूनही ते उतरले.

यावर कोणी म्हणेल, अभिमानाचे सुख मिळाले म्हणजे तोही स्वार्थच. मला हे पटत नाही. कृती न्याय्य आहे अशी खात्री असल्याशिवाय ते सुख उपजतच नाही. जे खात्रीच्या मागून येते, त्याला खात्रीचे कारण कसे म्हणावे? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असा अभिमान मारेकऱ्यालाही वाटू शकतो, आणि आपण न्यायासाठीच मारले अशी त्याचीही खात्री असते. हे खरेच आहे, म्हणून केवळ अभिमानावरून कृती योग्य ठरत नाही. पण माणूस निवड करतो, एवढे त्यातूनही सिद्ध होतेच. वुड यांचे पुढचे संशोधन इथे महत्त्वाचे ठरते. युद्ध म्हटले की बलात्कार आलेच, या समजुतीला त्यांनी पुराव्यांनिशी आव्हान दिले. श्रीलंकेतल्या तमिळ वाघांनी नागरिकांवर भीषण हल्ले केले, मुलांच्या हाती बंदुका दिल्या, पण त्यांच्याकडून लैंगिक अत्याचार फारच कमी घडले. एल साल्वाडोरच्या बंडखोरांकडूनही असे अत्याचार कमीच झाल्याचे दिसते. ही क्रूरता पुरुषाच्या किंवा युद्धाच्या स्वभावातच असती, तर संघटनेगणिक इतका फरक पडला नसता. परिस्थितीचा रेटा असतोच, भीती असते, वरिष्ठांचा हुकूम असतो. पण हुकूम देणाराही माणूसच असतो, आणि आपल्या हाताखालच्यांना त्याने काय करू दिले, कशाबद्दल शिक्षा केली, याचा जाब त्याला विचारता येतो.