ग्रंथाचा मान आणि गुग्गुळ

प्राचीन ग्रंथांनी वनस्पतींचे जे गुण सांगितले आहेत, त्यांचा मान कसा राखावयाचा? विश्वास ठेवून, की परीक्षा घेऊन? आम्हां परमुलखात नोकरी करणाऱ्यांना हा प्रश्न अधिक बोचतो. घरापासून दूर गेल्यावर आपले म्हणून जे जे आहे ते अधिक प्रिय होते, आणि प्रिय वस्तूस कोणी पुरावा मागितला की तो अपमान भासतो.

उदाहरणादाखल गुग्गुळ घेऊ. देवघरातील धुपामुळे तो सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा गंध ज्यास पोहोचतो त्यास यक्ष्मा बाधत नाही, असे अथर्ववेद म्हणतो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनावरून डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी काशी हिंदू विश्वविद्यालयात सशांवर प्रयोग केले व १९६६ साली प्रबंध सादर केला. आमच्या लखनौत, गोमतीकाठच्या छत्तर मंझिलमध्ये, १९५१ साली केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली होती. आज ती जानकीपुरम भागात आहे. या संस्थेने पुढे गुग्गुळापासून 'गुग्गुलिपिड' सिद्ध केले आणि १९८७ साली त्यास मान्यता मिळाली. येथवर ऐकून आपली छाती फुगते. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे झालेल्या चाचणीत अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले.

मग सुश्रुत खोटा ठरला काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याने मेदोरोग पाहिला होता, कोलेस्टेरॉल मोजले नव्हते. पण म्हणून तो खरा ठरला, असेही नव्हे. कचेरीत जुने टिपण सापडले म्हणजे प्रकरण पुन्हा उघडते. निकालात निघत नाही. ग्रंथवचनाचा अधिकार आम्ही एवढाच समजतो, आणि तो लहान नाही.

पिढ्यान्‌पिढ्या लोक विश्वासानेच औषध घेत आले, मग परीक्षा कशास, असे कोणी म्हणतील. त्यास उत्तर चरकानेच देऊन ठेवले आहे. गुराखी व वनवासी वनस्पतींची नावे व रूपे जाणतात, पण तेवढ्याने त्यांचा उपयोग कळत नाही. आणि न कळलेले औषध विषासारखे असते, असे तो बजावतो. आपल्या अभिमानाची किंमत रोग्याने का द्यावी?

या मानाची आणखी एक बाजू आहे. ऋग्वेदातील ओषधिसूक्तात वैद्य वनस्पतींना माता म्हणतो आणि त्यांना खणणाऱ्यास इजा न व्हावी अशी याचना करतो. आज इजा मातेस होत आहे. राजस्थान व कच्छ येथील गुग्गुळाची झुडपे डिंकासाठी बेसुमार चिरा पाडल्याने मरतात, आणि जागतिक यादीत ही वनस्पती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली आहे. ग्रंथातील नावाचा गौरव करावा आणि रानातील झाड मरू द्यावे, यास मान राखणे म्हणता येणार नाही. वचन तपासून घेणे आणि झाड जगविणे, या दोन्ही गोष्टी ज्याच्या हातून घडतील, त्यानेच ग्रंथ खरा वाचला, असे आम्ही समजतो.