न उरलेला आवाज

आमच्या कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा आहे. शाहू महाराजांच्या दरबारात ते १८९५ च्या सुमारास आले आणि १९२२ मध्ये महाराज गेले तोवर इथलेच होऊन राहिले. आज जयपूर-अत्रौली घराण्याची म्हणून जी गायकी ऐकतो, ती इथे घडत गेली. पुतळा आहे, गोविंदराव टेंब्यांनी लिहिलेलं चरित्र आहे, नातवाला सांगितलेल्या आठवणींचं पुस्तकही आहे. आवाज मात्र नाही. एका सेकंदाचाही नाही.

यंत्र नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये सुरू झालं. तेव्हा खाँसाहेब ४७ वर्षांचे होते. १९४६ मध्ये वारले. म्हणजे ४४ वर्षं संधी होती. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तबकड्या दिल्या, यांनी दिल्या नाहीत. आपली विद्या कुणीही ऐकून उचलेल, अशी धास्ती त्यामागे होती असं सांगतात.

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चीड आली होती. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात बॅकअप न घेणारा माणूस गुन्हेगार. आणि इथे एवढं भांडार एका गळ्यात ठेवून तो गळाच गेला.

पण तो गळाही फुकट मिळालेला नव्हता. तरुणपणी अमलेटा संस्थानात अति गाऊन त्यांचा आवाज बसला. सावरल्यावर जो आवाज हाती आला, तो पूर्वीचा नव्हता. त्याला पेलेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. अनवट राग पुन्हा उभे केले, ‘अहमदपिया’ या नावानं बंदिशी रचल्या. हे सगळं तीन-चार मिनिटांच्या तबकडीत मावणारं नव्हतंच. ज्यानं असं कमावलं, त्यानं ते कुणाला द्यायचं हे ठरवू नये?

ठरवावं, असं मला आज वाटतं. फक्त त्याची किंमत तो एकटा भरत नाही. मोगूबाई कुर्डीकरांची त्यांच्याकडची तालीम मध्येच तुटली. मग खाँसाहेबांचे भाऊ हैदर खाँ यांच्याकडे शिकून, बरीच वर्षं सोसून त्या पुन्हा खाँसाहेबांपर्यंत पोचल्या. मोगूबाई पोचल्या म्हणून आपल्याला ठाऊक. ज्या पोचल्या नाहीत, त्यांना तबकडी तरी मिळायला हवी होती.

तरीही त्यांनी विद्या कुलूपबंद ठेवली असं म्हणता येत नाही. केसरबाई केरकरांना त्यांनी १९२१ पासून जवळपास पाव शतक शिकवलं. मुलगा भुर्जी खाँ कोल्हापुरात बसून मल्लिकार्जुन मन्सूरांना, धोंडूताई कुलकर्णींना घडवत होता. नक्कल नको म्हणणाऱ्या या माणसाच्या शिष्येची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर चढवली गेली, हा भाग वेगळाच. खाँसाहेबांना ते आवडलं असतं का, कोण जाणे.

इथवर मी त्यांच्या बाजूनं आलो आणि मग माझंच प्रकरण मला नीट दिसलं. आमच्या टीममधला एक जुना कोड फक्त मला कळतो. दोन वर्षं त्याचं डॉक्युमेंटेशन मी लिहिलेलं नाही. विचारलं तर सांगायचो, ‘हे वाचून येत नाही, शेजारी बसून शिकावं लागतं.’ वाक्य घराणेदार आहे. पण त्या दोन वर्षांत मी कुणाला शेजारी बसवलं होतं? एका ज्युनिअरनं तीनदा वेळ मागितला, तीनदा मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. खरं कारण साधं होतं: माझ्यावाचून अडतं, तोवर नोकरी सुरक्षित. खाँसाहेबांनी तबकडी नाकारली, पण तानपुऱ्यापुढे वर्षानुवर्षं बसले. मी दोन्ही नाकारलं होतं.

गेल्या शनिवारी त्या मुलाला फोन केला. तीन तास बसलो. अर्ध्या तासातच तो अवघडून म्हणाला, “दादा, स्क्रीन रेकॉर्ड करू का? सगळं लक्षात राहणार नाही.”

मी लगेच हो म्हणालो नाही.