आनंद देणारी संख्या

पुतण्या हैदराबादमधल्या दिलसुखनगरच्या वसतिगृहात राहून परीक्षेची तयारी करतो. त्याच्यासाठी वहिनींनी नांदेडहून शेंगदाण्याची चटणी आणि चिवडा पाठवायला घेतला. पत्ता घालायचं काम माझ्याकडे आलं. खोक्यावर जाड पेनाने शेवटचे सहा अंक लिहिले : ५०००६०. हा पिन कोड वर्षभरात अनेकदा लिहिला होता. नीट पाहिला त्या दिवशीच.

पाच आणि सहा, अंकांची बेरीज अकरा. खोक्याच्या कोपऱ्यावरच अकराने भागून पाहिलं. भागाकार आला ४५,४६०, बाकी शून्य!

आपल्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ संख्या म्हणतात. हर्षद म्हणजे आनंद देणारी. हे नाव ठेवलं द. रा. कापरेकर यांनी. जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. शिक्षण बी.एस्सी.पर्यंतचं. मोठं पद नव्हतं, पण संख्यांचं वेड आयुष्यभर पुरलं. चार अंकांच्या खेळात पुन्हा पुन्हा समोर येऊन ठाकणारा त्यांचा ६१७४ आज जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणून ओळखला जातो. अशा माणसाला भाग पूर्ण जाण्यातही हर्ष दिसला आणि त्याने तेच नाव संख्येला दिलं. दिलसुख आणि हर्षद! वस्तीच्या नावाचा अर्थ तिच्या पिन कोडातही निघावा, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दोन दिवसांनी पुतण्याचा फोन आला. “काका, खोक्यावर भागाकार कुणी केलाय?” मी सांगितलं. थोड्या वेळाने त्याचाच पुन्हा फोन : “आपल्या नांदेडला भाग जात नाही. ४३१६०१, बेरीज पंधरा, आणि शेवटी एक.” आवाजात कितीतरी दिवसांनी उत्साह होता.

तो राहतो त्या भागात क्लासच्या फलकांवर मुलांच्या फोटोखाली रँक छापलेली असते. घरून आम्हीही फोनवर आधी तेच विचारतो, किती पडले? वर्षभर त्या मुलाच्या वाट्याला आलेली प्रत्येक संख्या त्याला तोलणारीच होती. त्या दिवशी पहिल्यांदा एका संख्येला त्याने तोललं.

मार्क लागतात, रँकही लागते, हे खरं. पण आकड्यांशी मुलांचं नातं एवढंच राहिलं, तर गणित येऊनही त्यातली गोडी हाती लागत नाही. कापरेकरांना ती लागली होती, कारण ते संख्येकडे काही मागायला जात नव्हते. तिच्यात काय आहे ते बघायला जात होते.

आज मुलांना फोन कराल, तेव्हा मार्कांआधी एवढंच विचारा : तुझ्या पिन कोडाच्या अंकांची बेरीज किती, आणि तिने भाग जातो का?