उशिराचा न्याय

“काका, गोल होऊन गेल्यावर वह्या तपासून काय उपयोग?” इंग्लंडच्या फुटबॉलचा नाद असलेल्या पुतण्याने विचारले, आणि पतसंस्थेच्या हिशेबांत तीस वर्षे घालवलेला मी निरुत्तर झालो.

प्रकरण लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबचे. २०१३ साली हा संघ प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत उतरला. असे झाले की दूरचित्रवाणीचे उत्पन्न आटते, खेळाडूंचे पगार मात्र कराराने बांधलेले. म्हणून उतरणाऱ्या क्लबांना काही वर्षे मोठी रक्कम मिळते. तिला ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणतात. त्याच श्रेणीत वर्षानुवर्षे राबणाऱ्या बाकीच्या क्लबांना ही छत्री नाही, हे मला तेव्हाच टोचले.

छत्री असूनही या क्लबने हात आखडला नाही. त्या मोसमात ८० लाख पौंडांपर्यंतचा तोटा चालणार होता. क्लबने दाखवला ९८ लाख. पण तोही मालकांनी माफ केलेले ६ कोटींचे कर्ज जमेस धरून! असली जमा आमच्या तपासनिसाने पाहिली असती तर चहासुद्धा न घेता उठला असता.

मालकाने स्वतःचा पैसा उधळला तर आपल्या पोटात का दुखावे? ऐपतीबाहेर लग्न करणाऱ्याच्या मांडवातून आपण अक्षता टाकून निघून येतोच की. पण २४ मे २०१४ ला वेम्बलीवर वर जाण्याची एकच जागा उरली होती आणि समोर डार्बी काउंटी होता. क्वीन्स पार्कचे दहाच खेळाडू मैदानात उरलेले. नव्वदाव्या मिनिटाला बॉबी झमोराचा गोल! एकाचा खर्च दुसऱ्याच्या ताटातला घास होतो, तो असा.

तडजोड झाली २०१८ मध्ये. १ कोटी ७० लाखांचा दंड, ३० लाख खर्चापोटी, आणि मालकांच्या सुमारे २ कोटी २० लाखांच्या कर्जाचे भागभांडवल. तोवर क्वीन्स पार्क पुन्हा खाली आलेला होता. डार्बीची ती जागा काही परत मिळाली नाही.

डार्बीची कीव करावी, तर तिथेही मनाची पंचाईत. त्यानेही पुढे हात सैल सोडला. २०२१ मध्ये क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला, एकूण २१ गुण कापले गेले आणि २०२२ मध्ये तो आणखी एक पायरी उतरला.

लेस्टर सिटीची गोष्ट निराळीच. २०२३ मध्ये हा संघ उतरला. खर्चाच्या मर्यादेवरून लीगने कारवाई आरंभली. सप्टेंबर २०२४ मध्ये अपील मंडळाने निकाल दिला : हिशेबाची मुदत ३० जूनला संपली, तेव्हा क्लब प्रीमियर लीगचा सभासद उरलाच नव्हता, सबब लीगला अधिकार नाही. खाली पडल्यामुळेच सुटका!

नियमाची अक्षरे वाचली तर मीही तोच निकाल दिला असता. पुतण्याला तसे सांगितलेही. तो म्हणाला, “आणि तुम्ही डार्बीचे असता तर?”

त्या रात्री झोप लागायला उशीर झाला.