रिंगणाच्या आत, रिंगणाच्या बाहेर



आजचं वाचन : गीता, अध्याय ७, श्लोक ८.

आपण कशाकशात भेटतो याच्या खुणा भगवान इथे अर्जुनाला सांगतात. त्यातल्या दोन खुणांपाशी मी आज थांबले. एक, आकाशातला शब्द. दुसरी, श्लोकाच्या अगदी शेवटी येणारी, माणसांतलं पौरुष. पहिलीवर आपण भरपूर बोलतो. नाद, ओंकार, शंख, घंटा. दुसरी बहुतेक वेळा वाचतो आणि पुढे जातो. या दोन खुणा एकाच श्लोकात का असाव्यात, यावर आजचं चिंतन. त्यासाठी थोडं लांब जायचंय. माल्टा, आयर्लंड आणि इंग्लंड.

प्रश्न मात्र आपल्या घरचाच आहे. दगडी गाभाऱ्यात ओंकार लावला की छातीत कंप जाणवतो, अंगावर काटा येतो, डोळे भरून येतात. तोच ओंकार गच्चीवर म्हटला की वाऱ्यावर विरून जातो. मग गाभाऱ्यात जे जाणवलं ते काय होतं? देव, की भिंती? तुमच्यातल्या काहींनी मला हे अगदी स्पष्ट विचारलंय. "ताई, हे सगळं फक्त अकूस्टिक्स असेल तर माझ्या भक्तीचं काय?" चांगला प्रश्न आहे. टाळायचा नाही.

माल्टा हे भूमध्य समुद्रातलं चिमुकलं बेट. तिथल्या पाओला गावात १९०२ साली घरांसाठी पाण्याच्या टाक्या खोदताना कामगारांना जमिनीखाली पोकळी लागली. पुढे कळलं की ते चुनखडकात कोरत नेलेलं तीन मजली भुयार आहे, इ.स.पू. ४००० ते २५०० या काळातलं. त्याला हाल साफ्लिएनी हायपोजियम म्हणतात. लोखंड नाही, तांबं नाही. चकमकीचा दगड आणि हरणाचं शिंग घेऊन माणसांनी ते कोरलं. आत सुमारे ७,००० माणसांचे अवशेष असावेत असा अंदाज आहे. म्हणजे हे मृतांचं घर. तिथल्या एका दालनात छतावर गेरूने काढलेली वळणावळणाची नक्षी आहे आणि भिंतीत एक कोनाडा आहे. त्या कोनाड्यात पुरुषाने खर्जात आवाज लावला की तो दालनभर घुमतो. म्हणून त्या खोलीला ओरॅकल रूम, म्हणजे देववाणीची खोली, असं नाव पडलं. नाव आजच्या लोकांनी ठेवलेलं आहे. कोरणाऱ्यांनी नव्हे.

आयर्लंडमध्ये न्यूग्रेंज आहे, इ.स.पू. ३२०० च्या आसपासचं. मोठा गोल उंचवटा, आत जाणारी १९ मीटरची अरुंद दगडी वाट आणि शेवटी दगडावर दगड पुढे सरकवत नेऊन मिटवलेल्या छताची खोली. ते छत पाच हजार वर्षांनंतरही गळत नाही. (आमच्या सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे टिकत नाही, तो विषय वेगळा.) हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसांत सूर्य उगवला की दारावरच्या एका झरोक्यातून किरण थेट त्या खोलीपर्यंत पोचतो आणि काही मिनिटं राहतो. मायकेल ओ'केली या पुरातत्त्वज्ञांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी आत उभं राहून तो पाहिला.

१९९६ साली रॉबर्ट जान, पॉल डेव्हरो आणि मायकेल आयबिसन यांनी अशा सहा प्राचीन वास्तूंची ध्वनीमोजणी प्रसिद्ध केली. त्यात न्यूग्रेंजही होतं. वास्तूंचे आकार वेगवेगळे. पण प्रत्येकीची मुख्य घुमण्याची पट्टी ९५ ते १२० हर्ट्झच्या दरम्यान निघाली. हा पुरुषाच्या खर्जाचा टप्पा.

इथून पुढे काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. रील बनतात. "११० हर्ट्झ, प्राचीनांचं गुपित! हेडफोन लावा आणि समाधी अनुभवा!" मी अशा रीलची टिंगल करत नाही, पण एक साधं गणित करून बघू या. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे ११० हर्ट्झच्या लाटेची लांबी तीन मीटरच्या थोडी वर. समोरासमोरच्या दोन भिंतींत त्याच्या निम्मं, म्हणजे दीड मीटरच्या आसपास अंतर असलं की ही लाट त्यांच्यात नेमकी बसते आणि खोली त्या सुराला दाद देऊ लागते. दीड मीटर म्हणजे किती? दोन माणसं उभी राहतील, एखाद्याला निजवता येईल, एवढं. माणसाच्या मापाने दगडी खोली बांधली की ती माणसाच्या आवाजाच्या आसपास घुमणारच. बाथरूममध्ये आपण सगळे गवई होतो त्यामागेही हेच आहे.

मला यात निराश होण्यासारखं काही दिसत नाही. उलट हे फार गोड वाटतं. गुप्त आकडा कुणी दडवला नव्हता. आपल्या माणसाला ठेवण्यासाठी जागा केली आणि त्या जागेने आपल्याच आवाजाला उत्तर दिलं. वेदान्तात घटाकाश-मठाकाश म्हणतात ना, तसं. आकाश एकच, घटाने, मठाने त्याचा एक तुकडा वेगळा भासतो. दगड लावून त्या लोकांनी आकाशाचा एक तुकडा आपल्या मापाचा करून घेतला, आणि तो बोलू लागला.

तर पहिलं उत्तर असं. हो, गाभाऱ्यातला कंप भिंतींचा आहे. त्याला देवाचा पुरावा मानू नका, म्हणजे कुणी अकूस्टिक्स समजावलं तरी श्रद्धा डळमळणार नाही. पाण्याची चव जिभेमुळे कळते म्हणून पाणी खोटं ठरत नाही. आणि चव लागली म्हणजे तहान भागली, असंही नाही.

पण आजचा खरा विषय याच्या पुढे आहे.

इंग्लंडमधलं स्टोनहेंज सगळ्यांनी फोटोत पाहिलंय. त्याला छत नाही. तरीही आत आवाज कसा होत असेल हे बघायला सॅलफर्ड विद्यापीठाच्या ट्रेव्हर कॉक्स आणि सहकाऱ्यांनी त्याची १:१२ प्रमाणातली प्रतिकृती केली. इ.स.पू. २२०० च्या सुमारास असावी तशी रचना, १५७ दगड. प्रतिकृती बारापट लहान, म्हणून आवाजही बारापट वरच्या फ्रिक्वेन्सीचा वापरला. निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. वर्तुळाच्या आत बोललेला आवाज दगडांवरून परतून येणाऱ्या ध्वनीमुळे सुमारे ४ डेसिबलने वाढत होता आणि घुमार ०.६ सेकंदाच्या थोडा वर टिकत होता. मोठ्या चर्चमध्ये असतो तसा लांबलचक घुमार नाही. शब्द गिळला जात नाही, भरदार होतो. बोलणारा तुमच्याकडे पाठ करून उभा असला तरी त्याचं बोलणं दगड तुमच्यापर्यंत आणून देतात.

आणि त्याच अभ्यासातून दुसरी गोष्ट पुढे आली. हा आवाज बाहेर नीट पोचत नाही. सुमारे ३० मीटर व्यासाच्या त्या रिंगणात जे उभे, त्यांना प्रत्येक शब्द. बाहेरच्या माळावर जे उभे, त्यांना दबका गलका.

मग मला ते दगड आणणारे आठवले. मोठे सार्सन दगड सरासरी वीसेक टनांचे. त्यांतले बहुतेक सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्समधून आले हे २०२० मध्येच सिद्ध झालं. लहान निळे दगड वेल्समधल्या प्रेसेली डोंगरांतून, सव्वादोनशे किलोमीटरवरून. चाकाची गाडी नसताना. याला शेकडो हात लागले असणार. जवळच्या ड्युरिंग्टन वॉल्स इथे त्यांची वस्ती सापडली आहे, हिवाळ्यातल्या मेजवान्यांत खाल्लेल्या डुकरांची हाडं सापडली आहेत. इतकी माणसं एका वेळी त्या रिंगणात मावतील का? फार गर्दी झाली तर आवाजही बसतो, कारण अंग आणि कपडे ध्वनी शोषून घेतात. सगळे आत आले तर जादू कमी होते. जादू टिकवायची तर काहींनी बाहेर राहायला हवं.

इथे माझं वाचन थांबलं.

मोजणाऱ्यांनी प्रामाणिकपणे म्हटलंय की दगड आवाजासाठी मांडले असण्याचा संभव कमी; सूर्याची दिशा आणि मृतांचं स्मरण ही कारणं जास्त वजनदार. तेव्हा त्या लोकांवर आरोप करायला मी बसलेली नाही. पण दगडांचा गुण मला एक गोष्ट शिकवतो : ज्या भिंतीमुळे आतला अनुभव गहिरा होतो, तीच भिंत बाहेरच्याला तोडते. गहिरेपण आणि वगळणं हे एकाच दगडाच्या दोन बाजू असू शकतात. म्हणून "मला आत किती भारी वाटलं" ही पावित्र्याची कसोटी होऊ शकत नाही. भारी तर आत उभ्या असलेल्या प्रत्येकाला वाटतं.

हे मी हवेत बोलत नाही. माझा आवाज ११० हर्ट्झचा नाही. बायकांचं बोलणं साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या टप्प्यात असतं. माल्टातलं ते दालन मला तशी दाद देणार नाही. त्याचं वाईट वाटत नाही, खोलीला काय कळतं. पण काही उंबऱ्यांपाशी मला आजही माणसंच थांबवतात आणि आतली आरती मी बाहेरून ऐकते. तेव्हा दबका गलका म्हणजे काय ते मला समजतं. आणि माझं थांबणं तर फार थोडं आहे. चोखोबा आयुष्यभर पंढरीच्या दाराबाहेर राहिले. साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, तेव्हा कुठे ते दार सगळ्यांना उघडलं. आतला नाद त्या आधीही सुंदरच होता. तो शतकानुशतकं तितकाच सुंदर होता, हीच तर अडचण आहे.

मग उपाय काय, भिंती पाडायच्या? सगळं लाउडस्पीकरवर लावायचं? नाही हो. लाउडस्पीकर ही दुसऱ्या टोकाची गोष्ट आहे. तो आवाज बाहेर सोडतो, पण कुणाला आत घेत नाही. ज्याला झोप हवी, ज्याचा उद्या पेपर आहे, त्याच्या कानावर आदळणं म्हणजे आमंत्रण नव्हे. शांत, बंदिस्त, घुमणारी जागा माणसाला हवीच असते. प्रश्न दाराचा आहे.

आपल्या विदर्भात नागपूरजवळ जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथेही महापाषाण वर्तुळं आहेत. ती लोहयुगातली, म्हणजे स्टोनहेंजच्या पुष्कळ नंतरची. तिथे उंच शिळा नाहीत. जमिनीलगत मांडलेल्या गोट्यांचं रिंगण आणि आत दफनं. आवाज धरून ठेवायला काहीच नाही. तरी माणसांनी रिंगण आखलं. का? आत आपलं कुणीतरी होतं म्हणून. मला वाटतं घुमार नंतरचा, माणूस आधीचा. हायपोजियमही मृतांचं घर, स्टोनहेंजमध्येही सुरुवातीच्या काळातल्या दहनांच्या रक्षा आणि हाडं. दगड उभा राहिला तो कुणाला विसरायचं नाही म्हणून.

आता परत श्लोकाकडे. आकाशातला शब्द ही खूण सांगून भगवान तिथेच थांबू शकले असते. पण शेवटी ते माणसांपाशी येतात. पौरुष शब्दाचा अर्थ कुणी पराक्रम सांगतात, कुणी कर्तृत्व. मी तो आज असा वाचते : माणसातलं ते बळ, जे वीस टनांचा दगड ओढू शकतं आणि हवं तर बंद दारही उघडू शकतं. ते बळ आतल्या माणसात आहे तसंच बाहेरच्यात आहे. नाद ऐकताना पहिली खूण सापडते. शेजारचा ऐकू शकतोय का हे बघताना दुसरी. एक धरून दुसरी सोडली तर श्लोक अर्धाच वाचला.

वारीच्या दिंडीकडे या नजरेने बघा. उघडा रस्ता, वर आभाळ, एकही भिंत नाही. आवाज परतून यायला जागाच नाही. मग तो भरदार कसा होतो? पुढच्याने म्हटलेलं मागचा उचलतो, म्हणून. स्टोनहेंजमध्ये दगड आवाज परत देतो, दिंडीत माणूस देतो. दगडांचं रिंगण भरलं की आवाज बसतो. दिंडीत माणूस वाढला की आवाज वाढतो. आणि वाटेत कुणी सामील झालं तर रिंगण मोडत नाही, मोठं होतं.

आजची साधना छोटीशी. संध्याकाळी जिथे नाम घ्याल तिथे, घरी, देवळात किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये, पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐका. त्याचा मनापासून आनंद घ्या. मग डोळे उघडा आणि दाराकडे बघा. चपला सांभाळणाऱ्या मावशी, वॉचमनकाका, आत यावं की नाही अशा संकोचाने उभी असलेली एखादी मुलगी. त्यांच्यापैकी एकाला आत बोलवा, आणि त्यांना यायचं नसेल तर तुम्ही बाहेर जाऊन त्यांच्याशेजारी उभं राहा. तिथे घुमार कमी असेल. नाम तेवढंच असेल.

उद्या पुढचा श्लोक. राम कृष्ण हरी.